चष्म्याचं दुकान, ऑनलाइन स्पर्धा आणि कायदे: मजुरीला भाव लावायचा कसा

गिऱ्हाईक येतं, अर्धा तास फ्रेम लावून बघतं, आरशासमोर फोटो काढतं आणि निघताना विचारतं, "माझा पीडी किती आहे, तेवढा लिहून देता का?" पुढे काय होणार हे चष्म्याच्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं ते अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घेऊन माणूस घरी जाणार आणि मोबाइलवरून चष्मा मागवणार. अशा वेळी बहुतेक दुकानदारांचं तोंड वाकडं होतं.

पण खरं बघितलं तर त्या माणसाने नवीन काहीच फुकट मागितलेलं नाही. आपणच ते वर्षानुवर्षं फुकट देत आलो. माप घेणं, काच बसवणं, दांड्या वाकवून कानामागे नीट बसवणं, सहा महिन्यांनी आलेल्याचा ढिला स्क्रू आवळून देणं, ही सगळी मजुरी आपण फ्रेमच्या किमतीत मुरवत राहिलो. ऑनलाइनवाल्याने त्यातली वस्तू तेवढी वेगळी काढली आणि विकायला मांडली. त्यामुळे आपली फ्रेम महाग दिसते आणि आपलं काम फुकटाचं दिसतं. खालच्या सगळ्या पायऱ्या ही गाठ सोडवण्यासाठी आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतली वॉर्बी पार्कर ही कंपनी २०१० साली ऑनलाइन विक्रीसाठी सुरू झाली. पाच फ्रेम घरी पाठवायच्या, आवडेल ती ठेवायची, ही तिची सुरुवातीची युक्ती. तिनेच २०१३ साली स्वतःचं दुकान उघडलं आणि पुढे दुकानं वाढवतच नेली. लेन्सकार्टचा प्रवासही ऑनलाइनकडून दुकानांकडे झाला. भाडं आणि पगार वाचवायला निघालेल्या कंपन्या पुन्हा भाडं आणि पगार द्यायला तयार होतात, याचा अर्थ दुकानात असं काहीतरी घडतं जे पडद्यावर जमत नाही. ते नेमकं काय, हे ओळखण्यापासून सुरुवात करू.

पहिली पायरी: कोणता चष्मा सोडून द्यायचा ते ठरवा

"ऑनलाइन चष्मा म्हणजे डोळ्यांची वाट" असं सरसकट म्हणणारा दुकानदार स्वतःचाच शब्द स्वस्त करतो. मायनस १ चा साधा, फक्त लांबचा चष्मा घरबसल्या मागवला तर तो बहुतेकांना चालून जातो, आणि ज्याला चालला तो पुढच्या वेळी तुमचं काहीच ऐकत नाही. कुठे चालतो आणि कुठे फसतो, हे हिशेबाने सांगता आलं पाहिजे.

हिशेब सोपा आहे. काचेचा मध्य बाहुलीसमोरून जितका सरकला ते अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि नंबरने गुणा. येतं ते प्रिझम, म्हणजे डोळ्याला नको असलेला ताण. पीडी ४ मिलिमीटरने चुकला तर प्रत्येक डोळ्याला साधारण २ मिलिमीटर वाटणीला येतात. मायनस १ ला ते होतात ०.२, दोन्ही डोळे मिळून ०.४. बहुतेकांना कळतही नाही. मायनस ६ ला तीच चूक प्रत्येक डोळ्याला १.२ आणि दोन्ही मिळून २.४ प्रिझम होते. हा माणूस संध्याकाळी डोकं धरून बसतो आणि दोष नंबरला देतो.

मोठ्या नंबरात आणखी एक भानगड असते. काच डोळ्यापासून किती लांब बसते यावरही नंबर बदलतो. मायनस १० ची काच तपासणीच्या वेळी होती त्यापेक्षा ४ मिलिमीटर पुढे बसली तर तिचा परिणाम साधारण ९.६ इतकाच उरतो. मायनस २ ला याच फरकाने काही बिघडत नाही.

आणि मग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा. इथे दुकानाचा हात धरणारं कुणी नाही. पीडी हे चेहऱ्याचं माप आहे, ते कुणीही कुठेही घेऊ शकतं. पण बाहुली काचेच्या खालच्या कडेपासून किती उंचीवर येते, हे माप फ्रेम नाकावर बसल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. तीच फ्रेम, तोच चेहरा, पण नोज पॅड थोडे आत वळवले की उंची बदलली. त्यातून फ्रेमचा कल आणि चेहऱ्याभोवतीचा वळसा वेगळाच. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हे अंदाजाने काढणारी साधनं आहेत, पण नाकावर नसलेल्या फ्रेमचा अंदाज शेवटी अंदाजच.

आता मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या काढा आणि दोन ढीग करा. एका ढिगात लहान नंबर, साधी काच, दुसरा चष्मा, वाचायचा तयार चष्मा. दुसऱ्यात प्रोग्रेसिव्ह, बायफोकल, मोठे नंबर, दोन डोळ्यांत बराच फरक असलेले नंबर, डॉक्टरने मुद्दाम प्रिझम लिहून दिलेले, लहान मुलांचे, कामाच्या ठिकाणचे सुरक्षा चष्मे. पहिल्या ढिगासाठी किमतीची लढाई लढू नका. तिथे एक स्वस्त, मोजक्या फ्रेमचा, पटकन मिळणारा पर्याय ठेवा आणि बाकी सोडून द्या. दुकानातली जागा, वेळ आणि नवीन यंत्रावरचा खर्च दुसऱ्या ढिगाच्या मागे लावा.

दुसरी पायरी: मजुरीचा दर काढा आणि पावतीवर लिहा

इथे सगळ्यांचा हात थबकतो. "फिटिंगचे पैसे लावले तर गिऱ्हाईक तुटेल" ही भीती खोटी नाही. म्हणूनच दर मनाने ठरवू नका, मिनिटांवरून काढा.

समजा दोन माणसं महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास काम करतात. झाली २४,००० मिनिटं. त्यातली निम्मी झाडलोट, हिशेब, काचा बनवणाऱ्या लॅबला फोन आणि रिकाम्या वेळेत जातात असं धरा. गिऱ्हाइकासाठी उरली १२,०००. भाडं, पगार, वीज, हप्ते असा महिन्याचा सगळा खर्च या १२,००० ने भागा, की एका मिनिटाचा भाव आला. प्रोग्रेसिव्हचं माप घ्यायला आणि चष्मा देताना नीट बसवायला मिळून ३० मिनिटं लागत असतील, तर त्या कामाची किंमत महिन्याच्या खर्चाच्या चारशेव्या भागाइतकी झाली. स्क्रू आवळायला ३ मिनिटं लागली तर ती चार हजारावा भाग. एक आठवडा वही ठेवून खरी मिनिटं टिपा. डोक्यातला अंदाज आणि वहीतला आकडा यांत केवढं अंतर आहे ते पाहून पहिल्या दिवशीच धक्का बसेल.

त्यानंतर पावती तीन ओळींची करा: फ्रेम, काच, माप आणि फिटिंग. एकूण रक्कम सुरुवातीला तीच राहू द्या. फ्रेमची किंमत तेवढ्याने उतरवा आणि तिसऱ्या ओळीत ती मजुरी दाखवा. फरक एवढाच पडतो की फ्रेमची किंमत आता पडद्यावरच्या फ्रेमशी तोलता येते आणि जी गोष्ट पडद्यावर नाहीच ती वेगळी दिसते. तिसऱ्या ओळीत काय काय धरलंय तेही छापा: किती महिन्यांपर्यंत मोफत बसवून मिळेल, नंबर न मानवल्यास काच किती दिवसांत बदलून मिळेल. नुसतं "सर्व्हिस चार्ज" लिहिलंत तर भांडण विकत घेतलंत.

नंबर तपासणीची फी वेगळी आणि आधी सांगा. "चष्मा घेतला तर तपासणी मोफत" ही पाटी मला स्वतःला पटत नाही. तपासणी फुकट म्हटली की तिची किंमतही फुकटाचीच राहते, आणि कागद घेऊन निघून जाणाऱ्यावर चिडायचा आपला हक्कही संपतो.

तिसरी पायरी: बाहेरून आणलेल्या चष्म्याचं धोरण

पीडी मागितला तर द्या. मोजायची फी लावा, तारीख घाला, कोणत्या अंतरासाठी मोजला ते लिहा आणि शक्य तर उजवा-डावा वेगळा द्या. प्रोग्रेसिव्हसाठी या कागदाचा उपयोग अर्धाच आहे, कारण उंचीचं माप फ्रेमवर घ्यावं लागतं, हे तिथेच शांतपणे सांगा. मी म्हणेन की या एका वाक्यातून जितकी प्रोग्रेसिव्हची गिऱ्हाइकं परत येतील तितकी कुठल्याच जाहिरातीतून येणार नाहीत.

बाहेरचा चष्मा बसवून मागायला आलेल्याला हाकलू नका. तो काही आपल्याला वाकुल्या दाखवायला आलेला नसतो. चष्मा घसरतोय, नाकावर वण पडलाय आणि जायचं कुठे हे त्याला कळत नाही. कामाचा क्रम असा ठेवा. आधी चष्मा नीट बघा, तडा किंवा जुना वाक असेल तर त्याला दाखवा. गरम करताना किंवा वाकवताना मोडला तर जबाबदारी दुकानाची नाही, असा दोन ओळींचा कागद सही करून घ्या. मग लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर घालून आलेला नंबर आणि काचांच्या मध्यांमधलं अंतर एका चिठ्ठीवर लिहून द्या. आपलं मत लिहू नका, आकडे लिहा. त्याच्याकडच्या कागदावर पीडी ६२ आहे आणि चष्म्यात ६७ निघतायत, हे तो स्वतः वाचेल. फी अर्थातच दरपत्रकाप्रमाणे.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन मागवलेले १५४ चष्मे तपासले होते. त्यातले जवळजवळ ४५ टक्के नंबराच्या किंवा मजबुतीच्या किमान एका कसोटीत नापास झाले. हा आकडा भिंतीवर लावायचा मोह होतो. लावू नका. तो जुना आहे, अभ्यास करणारे चष्म्याच्या व्यवसायातलेच होते, आणि एखाद्या चौकस गिऱ्हाइकाने "तुमचे किती नापास होतात?" असं विचारलं तर आपल्याकडे उत्तर हवं ना! म्हणून लॅबमधून आलेला प्रत्येक चष्मा देण्याआधी तपासा आणि नोंद ठेवा: सांगितलेला नंबर, आलेला नंबर, मध्यांमधलं अंतर, परत पाठवला का. शंभर चष्म्यांत किती परत गेले, हा तुमचा स्वतःचा आकडा भिंतीवर लावायच्या लायकीचा.

चौथी पायरी: नियमांचा एक कागद

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण त्यांचा रोख बराचसा सारखा असतो. आणि दुकानदारांची एक जुनी आशा इथेच सोडून द्यावी लागते, ती म्हणजे सरकार एक दिवस ऑनलाइन विक्री बंद करेल. हंगेरीने कॉन्टॅक्ट लेन्स फक्त विशेष दुकानांतूनच विकायचा नियम ठेवला होता. डिसेंबर २०१० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने इंटरनेट विक्रीवरची ही बंदी गरजेपेक्षा जास्त कडक ठरवली. लेन्स लावण्याआधी डोळे तपासून घ्यायला सांगता येईल, पण त्यासाठी सगळी विक्री दुकानात कोंडता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा बंदीच्या मागणीत शक्ती घालवू नका.

नियमांचं वारं नेमकं उलट दिशेनेही वाहतं. अमेरिकेत १९७८ पासून नियम आहे की तपासणी संपली की नंबराची प्रत गिऱ्हाइकाने न मागताही द्यायची, तिचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत आणि चष्मा आमच्याकडूनच घ्या अशी अट घालायची नाही. २०२४ मध्ये तो आणखी घट्ट झाला आणि प्रत मिळाल्याची सही घेऊन ती तीन वर्षं जपून ठेवायची अट आली. पीडी द्यायची सक्ती मात्र या नियमात नाही. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, प्रत देण्याची सवय आजच लावा. नंबराचा कागद अडवून ठेवून टिकलेलं गिऱ्हाईक पहिल्या संधीला जातं.

दुकानाच्या बाजूचेही नियम आहेत, फक्त ते आपल्याला माहीत असत नाहीत. ब्रिटनच्या १९८९ च्या ऑप्टिशियन्स कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलांचा चष्मा नोंदणीकृत व्यक्तीने किंवा तिच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. अमेरिकेत चष्म्याच्या काचेला आघाताची कसोटी आहे: १२७ सेंटिमीटरवरून सोडलेला लहान पोलादी गोळा काचेवर पडला तरी ती फुटता कामा नये. तिथे २००५ पासून केवळ रंगासाठी लावायच्या, बिननंबरी कॉन्टॅक्ट लेन्सही वैद्यकीय उपकरणात मोडतात आणि डॉक्टरच्या कागदाशिवाय विकता येत नाहीत. युरोपीय संघात चष्मा हे वैद्यकीय उपकरण आहे आणि २०१७ चा त्याबद्दलचा नियम मे २०२१ पासून लागू झाला. तिथेच ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, पण गिऱ्हाइकाच्या मापाने बनवलेल्या वस्तूला ही सवलत नाही. म्हणजे नंबराची काच बसली की, चष्म्यात दोष नसेल तर, ऑनलाइनवाला तो परत घ्यायला कायद्याने बांधील नाही. काच बदलून देण्याची तुमची हमी त्याच्यासमोर किती वजनदार ठरते, ते बघा.

आता आपल्या देशाच्या नियमांपुरता एक कागद तयार करा. नंबर कोण तपासू शकतो आणि चष्मा कोण देऊ शकतो? नंबराचा कागद किती काळ चालतो? मुलांच्या चष्म्याला आणि कॉन्टॅक्ट लेन्सला वेगळी अट आहे का? काच आणि फ्रेम कोणत्या मानकात बसली पाहिजे आणि लॅबकडून त्याचा कोणता दाखला मिळतो? जाहिरातीत काय म्हणता येत नाही? उत्तरं वकिलाला किंवा व्यावसायिक संघटनेला विचारून, तारीख घालून लिहा आणि वर्षातून एकदा तपासा. नियम मोडणारा ऑनलाइन विक्रेता सापडला तर समाजमाध्यमांवर ओरडण्यापेक्षा स्वतः एक चष्मा मागवा, पावती, पाकीट आणि लेन्सोमीटरचे आकडे जपा आणि संघटनेमार्फत तक्रार करा. पुराव्यानिशी आलेल्या तक्रारीची फाइल तरी उघडते.

जाहिरातीवरून आठवलं, ते निळा प्रकाश अडवणारं कोटिंग. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या आणि संगणकाने येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी थोड्या काळात कमी होतो असं काही दिसलं नाही. ब्रिटनमध्ये याच दाव्याबद्दल एका मोठ्या साखळीला २०१७ साली ४०,००० पौंड दंड झाला. "डोळे वाचतात" म्हणून हे कोटिंग विकत असाल तर आजच थांबा. जो दुकानदार "याची तुम्हाला गरज नाही" म्हणतो, त्याचं "प्रोग्रेसिव्ह इथेच घ्या" हे वाक्य ऐकलं जातं.

नंबर, मापं, डोळ्यांचे फोटो ही आरोग्याची माहिती आहे. ती कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरच्या गप्पांच्या गटात फिरत असेल, तर आधी ते बंद करा. संदेश पाठवायची परवानगी लेखी घ्या आणि नको म्हणणाऱ्याचं नाव यादीतून खरोखर काढा.

पाचवी पायरी: माल

इथे लांबण लावण्यासारखं काही नाही. प्रत्येक फ्रेमवर आल्याची तारीख लिहा. वर्षभर न हललेली फ्रेम उतरवून विका. भिंतभर फ्रेम लावून ऑनलाइनच्या हजारो फ्रेमशी बरोबरी होणार नाही. त्याऐवजी अरुंद चेहरा, रुंद चेहरा, बसकं नाक, मोठ्या नंबराला शोभणारी लहान गोल फ्रेम, असे साचे पूर्ण ठेवा, कारण पडद्यावर हेच कळत नाही. काचेसाठी दोन लॅब असू द्या.

सहावी पायरी: पडद्यावर स्वतःची जागा

स्वतःचं ऑनलाइन दुकान थाटायची घाई करू नका. परत येणारा माल, पाकिटं, फोटो आणि जाहिरातीचा खर्च यात छोटं दुकान मेटाकुटीला येतं. लोक आधी पडद्यावर शोधतात आणि मग येतात, तेव्हा तिथे चार गोष्टी बरोबर असल्या की पुरे: नकाशावरची जागा आणि खरी वेळ, तपासणीची वेळ ठरवायची सोय, मजुरीचं दरपत्रक, आणि आत्ता दुकानात असलेल्या फ्रेमचे फोटो. फोटोखाली काचेची रुंदी, नाकाचा पूल आणि दांडीची लांबी लिहा. जुन्या चष्म्याच्या दांडीवर हे तीन आकडे बहुधा छापलेले असतात, ते कसे वाचायचे हेही सांगा. माणूस घरूनच पाच फ्रेम निवडून येतो आणि अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत होतं.

फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे. चष्मा तयार झाला की संदेश, आणि दिल्यानंतर दोन आठवड्यांनी "नीट बसलाय ना?" असा दुसरा. प्रोग्रेसिव्ह न मानवल्याची कुरकुर बहुतेक वेळा याच पंधरवड्यात असते. तुम्ही विचारलं नाही, तर ती तुम्हाला न सांगता बाकी सगळ्यांना सांगितली जाते.

सातवी पायरी: वेळेवर परत बोलावणं

ऑनलाइन चाचणीने नंबर कदाचित कळेल, पण डोळ्यातला दाब आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) अवस्था त्यात दिसत नाही. काचबिंदू तर बरीच वर्षं काही त्रास न देता वाढतो. तुम्ही डॉक्टर नसाल तर जवळच्या नेत्रतज्ज्ञांशी बोलून कुणाला कधी पाठवायचं याची लेखी यादी करा, आणि पाठवलेल्याची नोंद ठेवा.

मुलांचं काम वेगळंच वाढतंय. २०१६ च्या एका बहुचर्चित अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातल्या जवळपास निम्म्या लोकांना मायनस नंबर असेल. नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास काचा आणि लेन्स आता मिळतात, आणि त्यांना वारंवार तपासणी लागते. मुलाची फ्रेम लहान होते, वाकते, हरवते. म्हणजे दर काही महिन्यांनी दुकानाची पायरी चढायला एक कारण तयार असतं. शिवाय मुलासोबत येणारे आईवडील चाळिशीच्या आसपासचे असतात, पेपर हात लांब करून वाचू लागलेले.

कुठून सुरुवात

हे सगळं एकदम करायला गेलात तर काहीच होणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त मिनिटांची वही. दुसऱ्या आठवड्यात पावत्यांचे दोन ढीग आणि नियमांचा कागद. पुढच्या महिन्यात तीन ओळींची पावती, तीही आधी फक्त प्रोग्रेसिव्हसाठी. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाकडून पीडी मागणाऱ्याला द्यायचं उत्तर मोठ्याने बोलवून घ्या, आणि कपाळावर आठी न आणता: "हो, देतो की. मोजायची फी एवढी आहे, दोन मिनिटं बसा."